थोडं डावीकडे

जुलै लागला की नगरपालिकेचा कागद
दाराखालून आत सरकतो:
अठ्ठावीस तारखेला घरावर झेंडा हवा,
नसेल तर दंड.
आकडा यंदा वाढलाय. सही बदललीय.
शिक्का तोच, अर्धवट उमटलेला.

बाबांनी वाचला, चार घड्या घातल्या
आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.
गेल्या वर्षीचाही तिथेच आहे, त्याच्या आधीचाही.
टेबल आता जवळजवळ स्थिर झालंय.

बाबा भिंती रंगवायचे.
आयाकूचोपासून खाली नदीपर्यंत
रस्त्याकडेची एक मातीची भिंत नसेल
जिच्यावर त्यांच्या हातचं कुणाचं तरी नाव नाही.
किटली, शिडी, कुऱ्हाड, सूर्यफूल,
ज्या पक्षाची जी खूण असेल ती,
मीटरला इतके, दुपारचं जेवण वेगळं.
पाणी येणार. रस्ता येणार.
'येणार' हा शब्द ते न बघता काढत.
एका साहेबाने पैसे बुडवले, तेव्हा
त्याचं अर्धं आडनाव त्यांनी कच्च्या रंगात काढलं.
गारपिटीत ते धुऊन गेलं.
साहेब निवडून आले, मग तुरुंगात गेले.
उरलेलं अर्धं अजून आहे भिंतीवर.

मायलीला शाळेत राष्ट्राध्यक्षांचं नाव पाठ करायला लावतात.
बालवाडीपासून तिची चार झाली, आणि ती तिसरीत आहे.
"आजोबा, पेन्सिलीनं लिहू ना?"

सत्तावीसच्या रात्रीच्या बसने लीमाहून युलीसा आली,
मांडीवर केकचा खोका, सुजलेली पावलं,
आणि तिच्यामागे एर्लिन, टोपी भुवईपर्यंत ओढून.
एका डिसेंबरात तो चौकात उभा होता.
हातात आमचाच झेंडा होता,
निवडुंगावरच्या किड्यांच्या लालात आईने बुडवलेला.
छर्रा एकच लागला.
डाव्या डोळ्याला.
आम्ही त्याबद्दल बोलत नाही.
म्हणजे एरवी रोज बोलतो. आज नाही.

आईने अंगणात खड्डा घेतला.
तापून लाल झालेले दगड, वर बटाटे, मेंढीचं मांस,
ओल्या शेंगा, मक्याची पानं, ओलं पोतं,
आणि सगळ्यावर माती.
तासाभराने बरोबर तिथेच कुदळ मारायची.
जे पुरलं त्याची जागा आई विसरत नाही.
तिच्या भावाची तेवढी तिला माहीत नाही,
ती कुणी सांगितलीच नाही.

रेडिओवर राष्ट्राला उद्देशून भाषण लागलं.
इतके किलोमीटर, इतके टक्के, इतक्या खाटा.
युलीसाने आवाज कमी केला,
बंद मात्र केला नाही.

बाबा शिडीने कौलांवर चढले.
लाल पट्टे आता गुलाबीकडे झुकलेत,
मधला पांढरा चहासारखा,
आणि एका कोपऱ्यात आईचं रफू,
जवळून पाहिलं तरच दिसेल असं.
काठी रोवून, सवयीने, वर न बघता त्यांनी विचारलं:
"सरळ आहे का?"

आयुष्यभर हेच विचारलं त्यांनी,
भिंतीपासून चार पावलं मागे येऊन,
एक डोळा मिटून.
रेष सरळ बघायची तर एकच डोळा लागतो,
आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं लहानपणी.

आम्ही गप्प.
मायलीसुद्धा.

एर्लिन चार पावलं मागे गेला.
टोपी वर केली.
"थोडं डावीकडे, आजोबा."

बाबांचे हात काठीवर तसेच राहिले.
मग त्यांनी काठी हलवली.
"आता?"
"आता जास्त झालं."
"आता?"
"आजोबा, तुमचा हात गेला आता."
आणि तो हसला, तोच पहिल्यांदा,
मग युलीसा, तोंडावर ओढणी धरून,
आणि वरून बाबांची एक शिवी, क्वेचुआतली,
जिचं स्पॅनिश होत नाही.

झेंडा तिरकाच राहिला.
कागदात म्हणे तिरक्याला दंड नाही;
आईने टेबल उचलून पाहून घेतलं.
मग तिने कुदळ मारली, वाफ वर आली,
भाषणात कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
आणि आम्ही मातीतले बटाटे
या हातातून त्या हातात नाचवत
फुंकत राहिलो.